येतंय आपलं थोडंफार

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर मी पोचलो की तिथं उभे असलेले लोक जीभ भाजली तरी चहा एका घोटात संपवतात आणि निघतात. त्यांचं काही चुकत नाही. मला कुणी विचारलं नाही तरी मी सांगत सुटतो, आणि सांगतो ते एकच: किमान वेतन.

मी कामगार कायद्याच्या एका सल्लागारांच्या ऑफिसात कामाला आहे. कारखानदार, दुकानदार, हॉटेलवाले आपापली हजेरीची मस्टरं आणि पगारपत्रकं आमच्याकडून करून घेतात. कुठल्या कामगाराला कमीत कमी किती पगार द्यायलाच हवा याचे सरकारी तक्ते माझ्या टेबलावर असतात. इतकी वर्षं ते बघून बघून आता डोक्यातही शिरलेत, आणि डोक्यात मावत नाही ते तोंडावाटे बाहेर पडतं. घरात मला या कारणानं ‘किमान’ असंच नाव पडलंय. बायको पिशवी हातात देताना म्हणते, “अवो किमान, किमान कोथिंबीर तरी आणा.”

टपरीवाल्याला मी एकदा परिमंडळ समजावून सांगितलं होतं. “हे बघ, तुझ्याकडच्या गड्यानं कप इथं सोलापुरात विसळला तर एक दर. तोच कप कुर्डुवाडीच्या स्टेशनाबाहेर विसळला तर दुसरा. आणि करमाळ्याच्या पुढं एखाद्या खेड्यात विसळला तर तिसरा. कप तोच, पाणी तेच, पण परिमंडळ बदललं.”

तो म्हणाला, “सायेब, माझ्याकडं गडी न्हाय. कप मीच इसळतो. माझा दर काय?”

“मालकाला किमान वेतन नसतं.”

“ते दिसतंयच की,” तो म्हणाला आणि मला चहाचे पैसे मागितले.

हा कायदा मोठा मजेदार आहे. निदान मला तसा वाटतो. घरी कुणाला वाटत नाही. धंदा बदलला की तक्ता बदलतो. यंत्रमागावरच्या माणसाचा वेगळा, हॉटेलात वाढणाऱ्याचा वेगळा, दुकानात साड्या उलगडून दाखवणाऱ्याचा वेगळा. विडी वळणाऱ्या बाईचा दर दिवसावर नाहीच, हजार विड्यांवर. वर्षातून दोनदा महागाई बघून सरकार त्यावर विशेष भत्ता चढवतं, तो मालकांना कधीच वेळेवर कळत नाही आणि मला मात्र स्वप्नातसुद्धा कळतो. अंगणवाडीच्या बाईंना तर वेतनच नाही, मानधन आहे, आणि त्यातला मान कुठं मिळतो ते त्या अजून शोधतायत. आमच्या गल्लीत धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी एकदा मला भर रस्त्यात अडवून विचारलं, “लई सांगता समद्यांना. माझं कुटल्या कागदात बसतं ते सांगा.” मी ऑफिसात जाऊन सगळे तक्ते चाळले. दुसऱ्या दिवशी सांगितलं, “मावशी, तुमचं सापडत नाही.” “सापडंल,” त्या म्हणाल्या, “निवांत बगा.” मी अजून बघतो आहे, आणि त्या गल्लीच्या तोंडाशी दिसल्या की दुसऱ्या बोळातून जातो.

धंदा आणि गाव ठरलं की उरतात तीन शब्द: कुशल, अर्धकुशल, अकुशल. पगार खरा ठरतो तो या तिघांत. हे तीन शब्द मी इतक्या हजार वेळा लिहिलेत की एखाद्या जुन्या पत्रात ‘सर्व कुशल’ वाचलं तरी माझ्या मनात दर येतो. आणि हे तीन शब्द माझ्या घरात कसे शिरले, ते सांगायचं आहे.

माझी बायको शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात जाते. तिथं ती लागली ती धागे कापायला. शिवून आलेल्या सदऱ्याचे लोंबते धागे कात्रीनं कापायचे, एवढंच काम. आता ती कॉलर बसवते. कॉलर म्हणजे काय चीज आहे हे मलाही तिच्यामुळेच कळलं. दोन्ही टोकं सारखी यायला पाहिजेत, गळ्यापाशी चुणी पडता कामा नये, आणि पोराची मान कितीही वळवळली तरी पट्टी उभी राहिली पाहिजे. बाकी सगळा सदरा चांगला आणि कॉलर वाकडी, तर अख्खा सदरा परत येतो. कारखान्यात कॉलरला बसणाऱ्या चार-पाच बाया आहेत, आणि त्यांच्यात ही सगळ्यांत जुनी.

तर एका महिन्यापासून कारखान्यानं पगाराची छापील चिठ्ठी द्यायला सुरुवात केली. ती चिठ्ठी घेऊन ही घरी आली आणि माझ्यापुढं धरून म्हणाली, “हे अकुशल म्हंजी काय वो?”

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरच्यांनी माझ्या विषयातला प्रश्न मला आपणहून विचारला होता. मी चष्मा लावला. पाणी प्यालो. मग कायदा कुठून आला, तक्ते कसे होतात, परिमंडळ म्हणजे काय, कुशल कोण, अर्धकुशल कोण, सगळं तब्येतीत सांगितलं. तिनं मधे एकदाही जांभई दिली नाही. मला वाटलं, आज जमलं.

सगळं ऐकून ती म्हणाली, “म्हंजी मला काय येत न्हाय, आसं लिवलंय ह्यात.”

“तसं नाही गं, ही कायद्याची भाषा आहे...”

“भाषा कुणाची का आसंना. लिवलंय तर तेच की.” तिनं चिठ्ठी घडी करून डब्याखाली ठेवली. त्या संध्याकाळी मी एवढं व्याख्यान देऊन जेवायला बसलो तेव्हा भाजीत मीठ नव्हतं. मागायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ते कॉलरच्या बाकीच्या बायांना सांगितलं. त्यांच्याही चिठ्ठ्यांवर तेच होतं. मग सगळ्यांनी मिळून कामगार खात्याला अर्ज करायचं ठरवलं आणि अर्ज लिहायला त्यांना माणूस कोण मिळाला, तर मी. अर्ज मी असा काही लिहिला की त्यातलं शेवटचं वाक्य संपेपर्यंत पहिलं विसरावं. बायांनी न वाचता सह्या केल्या. त्यातली एक म्हणाली, “जड लिवलंय, म्हंजी चांगलंच आसंल.”

थोड्या दिवसांनी निरोप आला की अधिकारी मॅडम कारखान्यात येऊन प्रत्येकीचा जबाब घेणार. आता सगळं या जबाबावर होतं. हिचं काम कुशल ठरलं तर कॉलरच्या सगळ्या बायांचं कुशल ठरणार, कारण काम एकच. नाही ठरलं तर ‘काही येत नाही’ हे आता सरकारी शिक्क्यानिशी लिहिलं जाणार. आणि वर मालकाचा राग. हंगाम संपल्यावर कुणाला घरी बसवायचं हे मालकच ठरवतो.

आदल्या संध्याकाळी मी तिची तयारी घ्यायला बसलो. मी खुर्चीत, ती समोर पाटावर.

“मी अधिकारी आहे असं समज. तुम्ही कुशल कामगार आहात का?”

ती हसायला लागली.

“हसू नको. म्हण, ‘होय, मी कुशल कामगार आहे.’”

“मी न्हाय म्हननार. आपल्या तोंडानं आपलंच कसं सांगायचं? शोभतंय का ते?”

“शोभायचा प्रश्न नाही. कायद्याचा आहे.”

“बरं, तुमी इचारा परत.”

“तुम्हाला कॉलर बसवता येते का?”

“येतंय आपलं थोडंफार.”

मी कपाळाला हात लावला. तिला समजावलं की थोडंफार हा शब्द उद्या तोंडातून निघता कामा नये. ती व्हय म्हणाली. परत विचारलं. परत थोडंफार. पाटावर बसून लाजून बोटं मोडत होती, तीच बाई दुकानदाराशी ब्लाउजपीसच्या रंगावरून अर्धा तास भांडते आणि जिंकते. शेवटी ती उठली आणि म्हणाली, “सायेब, जबाब ऱ्हाऊ द्या, आदी चहा घ्या.” माझी शिकवणी तिथं संपली.

तिला तरी काय बोलणार? आपल्याकडं ही रीतच आहे. एखादीनं पंगतीला वाढलेली आमटी कुणी बोटं चाटत खाल्ली आणि ‘वा’ म्हटलं, की ती म्हणणार, “कसलं काय, मीठ जास्त झालंय.” पोरगी पहिली आली तर आई म्हणणार, “पेपर सोपे होते.” मला येतं असं स्वतःच म्हणणारी बाई आमच्या नातेवाइकांत एकच आहे, आणि तिच्याबद्दल बाकीच्या काय बोलतात ते मी ऐकलंय. मोठेपणा मिरवणं वाईट, हे आम्ही बायकांना चांगलं शिकवलं. फक्त पगाराचा तक्ता करणाऱ्यांना हे कुणी कळवलं नाही.

जबाबाच्या दिवशी मी ऑफिसातून सुट्टी काढली आणि तिचा डबा मुद्दाम घरीच ठेवून घेतला, म्हणजे डबा द्यायला आलो असं सांगून आत जाता येईल. ही युक्ती मला फार हुशारीची वाटली होती. कारखान्यात पोचलो तर ती म्हणाली, “डबा आज कशाला आणला? मॅडम येनार म्हनून मालकानं समद्यांना वडापाव सांगितलाय की.” तरी मी दारापाशी एका मशीनच्या आडोशाला डबा धरून उभा राहिलो.

मे महिना. पत्र्याखाली जीव नकोसा झालेला. जूनच्या आधी शाळांची मागणी पुरी करायची म्हणून मशिनी बंद ठेवायला मालक तयार नव्हता, त्यामुळे प्रत्येक प्रश्न ओरडून विचारावा लागत होता. अधिकारी मॅडम वयानं लहानच, घामानं भिजलेल्या, पण चिडत नव्हत्या. त्यांनी सुरुवात केली ती दाराशेजारच्या इस्त्रीवाल्यापासून. तो परवा-परवा लागलेला गडी.

“तुम्हाला काम कितपत येतं?”

“समदं येतं,” तो छाती काढून म्हणाला. “मी प्रेसमास्तर हाय. मशीनबी येतं. कटिंगबी येतं.” पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटलेला एक सदरा त्यानं पायानं टेबलाखाली सरकवलेला मला दिसत होता. मॅडमनी लिहिलं.

मग माझ्या बायकोची पाळी. “तुम्ही काय करता?”

“कॉलर बसवते.”

“चांगली येते?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. ‘वरचं सांग, वरचं’ असं सुचवायला मी हात वर केला. आमच्या घरी मी हात वर करतो तो पुरे, आता वाढू नको, या अर्थानं. तिनंही तोच अर्थ घेतला.

“येतंय आपलं थोडंफार,” ती म्हणाली.

“थोडंफार म्हंजे अर्धवट,” मालक लगेच पुढं सरकला. “आता तिनंच सांगितलं. अर्धकुशलसुद्धा मी मोठ्या मनानं म्हणतो.”

एकदा वाट पडली की पडली. दुसरी बाई म्हणाली, “मी ह्यांचं बगून करते, ह्यांच्यासारकं न्हाय येत मला.” तिसरी म्हणाली, “मी आपली शिकतीया अजून.” तिला शिकता शिकता नातवंडं झाली होती. चौथी तर नुसती हसून पदराआड गेली. मॅडम लिहीत होत्या आणि त्यांच्या लिहिण्याचा वेग कमी कमी होत होता.

कोपऱ्यात अक्का बसली होती. अक्का विणकरांच्या घरची, घरात सगळं तेलुगू, वय झालेलं, कान गेलेले. ती धागे कापते. खरं तर तिला काम आहे ते मालकाच्या वडिलांच्या वेळची ओळख म्हणून. मॅडम तिच्यासमोर वाकून ओरडल्या, “आजी, तुम्ही कुशल?”

एवढ्या गोंगाटातून अक्काला तो एकच शब्द ऐकू आला, आणि तेलुगूत त्याचा अर्थ एकच, खुशाली. एवढी शिकलेली पोरगी आपली खुशाली विचारते म्हणून म्हातारीचा चेहरा उजळला. तिनं मॅडमचे दोन्ही हात धरले. “कुशलमे, तल्ली, कुशलमे! अंता कुशलमे!” सगळं खुशाल आहे गं पोरी, सगळं खुशाल.

म्हणजे हिशोब असा झाला: कारखान्यात कुशल दोघं. एक सदरे जाळणारा आणि एक धागे कापणारी. आणि ज्यांच्या कॉलरी जिल्ह्यातल्या निम्म्या पोरांच्या गळ्यात आहेत त्या सगळ्या थोड्याफार.

मला राहवेना. मी डबा हातात घेऊनच पुढं गेलो आणि म्हणालो, “मॅडम, इथं एक तांत्रिक मुद्दा आहे.”

“तुम्ही कोण?”

“मी हिचा नवरा. कामगार कायद्याचं बघतो.”

“वकील?”

“नाही. सल्लागारांच्या ऑफिसात असतो.”

“हुद्दा काय?”

मालकानं आणि सगळ्या बायांनी माझ्याकडं बघितलं. हुद्दा नाही मला. आमचे साहेब म्हणतात, तुम्ही घरचे माणूस, तुम्हाला कशाला मस्टर? मी घरचा माणूस असल्यामुळे माझं नाव कुठंच नाही, आणि नाव नाही म्हणून वर्गही नाही. शहरातल्या झाडूवाल्यापासून यंत्रमागवाल्यापर्यंत सगळ्यांचा दर तोंडपाठ असलेला माणूस स्वतः कुठल्याच तक्त्यात बसत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

“बघतो आपलं सगळंच,” मी म्हणालो.

“मग बाहेर बसून बघा,” मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, हे जास्त लागलं.

बाहेर जिन्याखाली कापडाचे गठ्ठे होते. त्यातल्या एका गठ्ठ्यावर मी डबा मांडीवर घेऊन बसलो. शेजारीच जाळीची खिडकी होती, तिच्यातून आतलं दिसत होतं, आणि मॅडमनी मशिनी बंद करायला लावल्यामुळे ऐकूही येत होतं.

मालकाला आता चेव आला होता. तो गप्प बसला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तो बोलला. “मॅडम, बायका खोटं बोलत न्हाईत. कॉलर म्हंजे काय, कुणीबी बसवतंय. ह्या पलीकडच्या दोघी तर नुसत्या शिकाऊ. त्यांनी बसवलेलं निम्मं उसवावं लागतं.”

आत एक स्टूल सरकल्याचा आवाज झाला. माझी बायको उभी राहिली होती.

“काय उसवावं लागतंय?”

मालक हसला. “अगं तसं न्हवं...”

“न्हाय, सांगा की. हिची कॉलर कदी परत आली? तिची कदी आली? मागल्या साली त्या मोठ्या शाळेचा माल गेला, एक सदरा परत आला त्यातला?” आवाज चढला होता. ब्लाउजपीसच्या दुकानातला आवाज. “मला काय म्हनायचं ते म्हना. ह्यांना शिकाऊ म्हनू नका. ह्या समद्यांना मी शिकवलंय. हात धरून शिकवलंय. एकीचं काम वाकडं न्हाय.”

मॅडमनी पेन थांबवलं. “यांना सगळ्यांना तुम्ही शिकवलं?”

“व्हय.”

“म्हणजे तुम्हाला येतं.”

आता परत तो जुना खड्डा. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मी जिन्याखाली बसलो होतो आणि माझ्या ओठांवर तिला शिकवलेलं वाक्य आपोआप येत होतं. ते तिनं म्हटलं नाही.

“आता मॅडम,” ती म्हणाली, “आडात न्हाय तर पोहऱ्यात कुटनं येईल?”

सगळ्या बाया हसल्या. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, “माझी आईपण अशीच आहे हो. सरळ सांगतच नाही.” त्यांनी आधीचे कागद बाजूला ठेवले आणि कॉलरच्या बायांचे जबाब नव्यानं घेतले. या वेळी त्यांनी कुणालाच स्वतःबद्दल विचारलं नाही. प्रत्येकीला शेजारणीबद्दल विचारलं. मग काय विचारता! जिला तिला शेजारणीचं कौतुक तोंडभर. ही किती सफाईनं करते, ती किती लवकर करते, हिच्या हातात कशी जादू आहे. मालकाला मधे बोलायला फट सापडेना. अक्काचा घोटाळा एका बाईनं समजावून सांगितला, तेव्हा मॅडमनी तिच्या नावापुढचा शब्द बदलला, पण जाताना तिला पुन्हा एकदा खुशाली विचारली. इस्त्रीवाल्याला त्यांनी टेबलाखालचा सदरा बाहेर काढायला सांगितला.

शेवटी त्यांनी माझ्या बायकोचा जबाब वाचून दाखवला. “मी कॉलर बसवण्याचं कुशल काम करते आणि इतर कामगारांना ते शिकवते. बरोबर आहे?”

तिनं बाकीच्या बायांकडं बघितलं. मग तिचा आवाज आला, बारीक, पण आला. “बरोबर हाय.”

मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नाही. रुमाल शोधला तर तो सापडला नाही, तेव्हा मी ज्या गठ्ठ्यावर बसलो होतो त्याच्याच टोकाला डोळे पुसले. कुठल्या तरी शाळेच्या चड्ड्यांचं कापड होतं ते.

यानंतर कारखान्याला पत्र गेलं की नोंदी सुधारून मस्टर सादर करा. आणि मालकानं काय करावं? आपला जुना सल्लागार बदलला आणि कागद आमच्या साहेबांकडे पाठवून दिले. स्वतः आला नाही, नुसता फोन केला, म्हणून मी तिथं आहे हे त्याला कळलं नाही. आणि माझी बायको त्या कारखान्यात आहे हे साहेबांना ठाऊक नव्हतं. मला घरचा माणूस म्हणतात, पण माझ्या घरी कोण आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मलाही किमान वेतनातून ते सांगायला सवड झाली नाही.

साहेबांनी गठ्ठा माझ्या टेबलावर टाकला. “कॉलरच्या बायकांचा हुद्दा ‘मदतनीस’ करून टाका. मदतनीस म्हटलं की अकुशलमध्ये बसतं. मालक खूश, आपणही मोकळे.”

नाव बदललं की दर बदलतो, हे शहाणपण मला नवीन नव्हतं. मी मान डोलावली, कारण मान डोलावणं हे माझं सगळ्यांत कुशल काम आहे. टेबलाशी बसलो. पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं. मग लिहिलं: कॉलर शिलाई कामगार, कुशल. एकामागून एक सगळ्यांचं लिहिलं आणि मी ते साहेबांपुढं नेऊन ठेवलं.

साहेबांनी वाचलं. “मदतनीस लिहा म्हणालो होतो ना?”

“साहेब, अधिकाऱ्यांनी जबाब लिहून घेतलेत. त्यात काम काय आहे ते स्पष्ट आलंय. आता आपण मदतनीस लिहिलं तर खोटी नोंद होईल, आणि मालक अडकतील. आपली सही असेल त्यावर.”

“नक्की माहीत आहे तुम्हाला? कळतं तुम्हाला यातलं?”

इतक्या वर्षांत साहेबांनी हा प्रश्न कितीदा विचारला असेल, आणि माझं उत्तर ठरलेलं असे. तेच ‘थोडंफार’ या वेळीही जिभेवर आलं. मी ते गिळलं. 

“कळतं,” मी म्हणालो.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडून असा तुटक शब्द त्यांनी कधी ऐकला नसावा. मग ते यादीवरून बोट फिरवत खाली आले आणि पहिल्याच नावापाशी परत जाऊन थांबले.

“अहो, हे काय? यात तुमचं नाव कसं?”

मी वाकून बघितलं. तिचं नाव, मग माझं, मग आडनाव. मीच लिहिलेलं, पण लिहिताना नजर सगळी ‘कुशल’वर होती, म्हणून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“माझी बायको आहे ती,” मी म्हणालो.

साहेबांनी पेन उचललं. “कधी बोलला नाहीत,” एवढंच म्हणाले आणि सही केली. ती माझ्यासाठी केली, कायद्याच्या भीतीनं केली, की दुपारच्या उन्हात वाद नको म्हणून केली, मला माहीत नाही. मी कागद उचलले आणि साहेबांचा विचार बदलायच्या आत बाहेर आलो.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा ती भाकरी थापत होती. मी चपलाही न काढता दारातून सांगितलं की मस्टर गेलं, सगळ्या जणी कुशल लागल्या. तिचा हात थांबला. पीठ लागलेल्या मनगटानं तिनं डोळ्यावर आलेला केस मागं सारला, आणि परत थापायला लागली. पण हसत होती. मला वाटलं, वातावरण चांगलं आहे, आपणही थोडा विनोद करावा.

“बघ,” मी म्हणालो, “तुझ्या नावात माझं नाव. आयुष्यात पहिल्यांदा मी मस्टरवर लागलो, आणि लागलो तो थेट कुशलमध्ये.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला.

“ऱ्हाऊ द्या की,” ती म्हणाली. “तुमाला तरी दुसरीकडं कुटं जागा हाय?”